शेतकऱ्याचें उत्पन्न येतें कोठून ?

मालवणाहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यावर चौके मागें टाकलें म्हणजे कांहीं वेळानें कट्टा लागतो. आसपासच्या वाड्यावस्त्यांची ही बाजारपेठ. सिंधुदुर्ग किल्ल्यामुळें मालवण बंदराला जो लौकिक मिळाला त्याचा अंश या आंतल्या गांवाच्या वाट्यास आला नाहीं. प्रवासी येथें चहापुरता थांबतो आणि समुद्राकडे निघून जातो. परंतु शेतकऱ्याच्या संसाराचा इतिहास ज्याला पाहावयाचा आहे त्यानें किल्ल्यापेक्षां येथेंच चार दिवस काढावे. रस्ता सोडून एखाद्या पाणंदीनें खालीं उतरलें कीं चिऱ्यांच्या गडग्यामागें दोन घरें शेजारीं शेजारीं दिसतात. एक स्लॅबचें, पुढें फरशी घातलेलें. दुसरें मातीच्या भिंतींचें, दरवर्षी मृगापूर्वीं नळे परतावे लागतात असें. दोन्ही घरांचे कुणगे एकाच मळ्यांत, एकाच बांधाला लागून आहेत. तलाठ्याच्या दप्तरांत पाहिलें तर दोहोंच्या क्षेत्रांत चार-दोन गुंठ्यांचाच काय तो फरक. पाऊस दोघांवर सारखाच पडतो, भातहि साधारण सारखेंच पिकतें. मग एका घरावर स्लॅब कां आणि दुसऱ्यावर नळे कां, ह्याचें उत्तर त्या मळ्यांत सांपडत नाहीं. तें शोधावयाचें तर शंभर-सव्वाशें वर्षें मागें जावें लागतें, आणि मुंबईपर्यंत फेरी मारावी लागते.

शेतकऱ्यांमधील विषमता हा विषय निघाला कीं आपले अर्थशास्त्राचे पदवीधर, आणि त्यांत मी स्वतःलाहि धरितों, प्रथम जमिनीचा तक्ता मांडतात: मोठा खातेदार, मध्यम, लहान, भूमिहीन. ही रीत चुकीची नव्हे. देशावर ती पुष्कळ कांहीं सांगून जाते. शेतीगणनेप्रमाणें १९७०-७१ सालीं महाराष्ट्रांतील एका खात्याची सरासरी जमीन ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ सालीं ती १.३४ हेक्टरवर आली. एवढ्या दोन आंकड्यांवरून वाटण्यांची, कर्जाची आणि लोकसंख्येची सारी कथा देशावरचा शेतकरी ओळखूं शकेल. परंतु मालवणच्या बाजूला हा तक्ता पहिल्याच ओळींत अडखळतो. येथें क्षेत्र गुंठ्यांत मोजावयाचें असतें, आणि ‘जमीन’ हा एकच शब्द चार-पांच निरनिराळ्या वस्तूंना लावलेला असतो.

पावसाच्या पाण्यावर भात देणारा मळा ही त्यांतली पहिली. व्हाळाचें पाणी बांध घालून अडवावें आणि थंडींत भाताचें दुसरें पीक घ्यावें, अशी वायंगण ही दुसरी. घराभोवतींची माडपोफळींची बागायत तिसरी. नाचणी, वरी, कुळीथ यांपुरती उपयोगाची भरड व वरकस ही चौथी. तिच्यावरील गवत व पाचोळा भाताच्या तरव्याची भाजावळ करावयास लागे, म्हणून ती भातशेतीची दासी समजली जाई. आणि खालीं जांभा, वर पावसाळ्यापुरतें गवत असा उघडा कातळ ही पांचवी. ज्याच्या नांवावर वीस एकर कातळ तो कागदावर मोठा खातेदार, आणि ज्याच्याकडे पंधरा गुंठे वायंगण तो अल्पभूधारक. गांवांतील समज याच्या बरोबर उलट होता. मुलगी द्यावयाची झाली तर वायंगण कोणाकडे आहे हें पाहत, कातळ कोणाकडे आहे हें कोणी विचारीत नसे. वाचकांनीं हा कातळ व ही वरकस जरा लक्षांत ठेवावी. पुढें त्यांचें दैव कसें फिरलें तें यावयाचें आहे.

आतां भाताचा हिशेब पाहूं. हा कोणा एका घराच्या वहींतला नव्हे. समजुतीसाठीं मांडलेला आहे. समजा, जुन्या बियाण्यानें व जुन्या रीतीनें एका एकरांत पंधरा मण भात आलें. मण चाळीस शेरांचा. जमीन स्वतःची असेल तर त्यांतून पुढील वर्षाचें बीं मणभर काढून ठेवून चौदा मण घरांत राहतें. पांच माणसांच्या कुटुंबास दरमहा सव्वादोन-अडीच मण भात खाण्यास लागतें. म्हणजे हें धान्य सहा महिने पुरतें. तेंच शेत अर्धेलीनें केलें असेल तर साडेसात मण खळ्यावरूनच मालकाच्या घरीं जातें, बीं काढतां साडेसहा मण उरतें, आणि तें जेमतेम तीन महिने पुरतें. बैल उसने आणले असतील तर त्यांची भरपाई अंगमेहनतीनें करावयाची ती निराळीच. तेव्हां मालकाचें घर होळीला रिकामें होई आणि कुळाचें संक्रांतीला, फरक इतकाच. दोघांनाहि पुढील महिने कोठूनतरी काढावयाचे असत. ह्या ‘कोठूनतरी’ मध्येंच येथल्या विषमतेचें मूळ आहे असें माझें मत आहे.

खोतीविषयीं येथें थोडेंसें सांगितलें पाहिजे, कारण कोंकणांतील शेतकऱ्याची गोष्ट निघाली कीं लोक खोताचें नांव प्रथम घेतात. खोतीचा खरा जोर जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुक्यांत व कुलाब्यांत होता. १८८० च्या खोती कायद्यानें खोतांचे व कुळांचे हक्क लिहून काढले, पण त्यानें कुळाच्या पदरांत फारसें पडलें नाहीं. कुलाबा जिल्ह्यांत चरी येथील कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखालीं १९३३ पासून कित्येक वर्षें शेतें पडीक ठेवून संप केला. १९३७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें बिल आणलें. आणि शेवटीं १९४९ च्या कायद्यानें ती गेली. मालवणाकडील अर्धेल, तिर्धेल, खंड यांचा जाच त्या मानानें घरगुती होता. मालक बहुधा त्याच गांवचा असे, पुष्कळदां भावकींतला असे, कित्येकदां तर कुळाहून फारसा सुखवस्तु नसे. अशा जाचाला संपाचें रूप येणें कठीण. शिमग्याच्या मानापानांत आणि देवाच्या कौलांत तो मुरून जातो.

म्हणून माणसें भांडलीं नाहींत, तीं निघून गेलीं. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत पहिली कापडगिरणी काढली, आणि त्यानंतरच्या पिढींत रत्नागिरी जिल्ह्याचें अर्धें अंग मुंबईंत वाढूं लागलें. १८८१ च्या खानेसुमारींत शहराच्या पावणेआठ लाख वस्तींत ह्या जिल्ह्यांत जन्मलेले सव्वा लाखांहून अधिक निघाले. १९२१ सालीं शहराचा सुमारें पांचवा हिस्सा त्यांचा होता. मालवण तालुका तेव्हां ह्याच जिल्ह्यांत होता. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजीं. आगबोटीच्या डेकवर वळकटी टाकून पुरुष जात, गिरणगांवांत गांवकऱ्यांच्या सामाईक खोलींत पाळीपाळीनें निजत, खानावळींत जेवत आणि दरमहा घरीं मनिऑर्डर करीत. चाकरमानी हा शब्द ह्यांतूनच येथल्या घराघरांत रुजला. मागें राहिलेल्या बायका तरवा काढीत, लावणी करीत, कापणी करीत, खंड घालीत आणि टपालवाल्याची वाट पाहत.

मनिऑर्डरीचे पैसे काय करीत ? प्रथम पावसाळ्याचा तांदूळ. मग दुकानाची उधारी. त्यानंतर उरलें तर मुलाची शाळा, घरावर मंगलोरी कौलें, आणि अगदीं सुदैव असेल तर भावकींतल्या अडलेल्या माणसाचा एखादा कुणगा. म्हणजे जमिनीमुळें पैसा येत नसून पैशामुळें जमीन येत होती. आणि ज्याच्या घरून मुंबईला कोणी गेलें नाहीं किंवा गेलेला आजारी होऊन परतला, त्याचा कुणगा ह्या पैशाच्या दिशेनें सरकत होता. परंतु मुंबईची वाट सर्वांस सारखी मोकळी होती असें मात्र समजूं नये. गांवांतली उतरंड बोटीवर चढून मुंबईला गेली. गिरण्यांत अधिक पगाराचें खातें विणकामाचें. धोट्यांतील सूत तोंडानें ओढावें लागे ह्या सबबीवर तें खातें अस्पृश्य कामगारांना बंद होतें. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं ह्या प्रश्नाला तोंड फोडलें. ज्या घरांना गांवीं सर्वांत कमी जमीन, त्याच घरांच्या मुलांना मुंबईंत कमी पगाराचें खातें. एकाच बोटीनें गेलेल्या दोघांच्या मनिऑर्डरी त्यामुळें सारख्या असूं शकत नव्हत्या.

शेतकरी शेतीवर जगतो हें आपण इतकें गृहीत धरून चाललों आहों कीं, त्याची परीक्षा कोणीतरी केली होती हेंच आपण विसरतों. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल व पुढें मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे डायरेक्टर डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं १९१७ सालीं पिंपळें सौदागर ह्या गांवाची घरोघर जाऊन केलेली पाहणी प्रसिद्ध केली. १९२१ सालीं रा. कानिटकर यांच्यासह जातेगांव बुद्रुकची केली. मॅनसाहेबांनीं कुटुंबांचे तीन वर्ग केले: केवळ जमिनीवर ज्यांचें निभतें असे, जमिनीला बाहेरच्या कमाईची जोड दिली म्हणजे ज्यांचें निभतें असे, आणि दोन्ही मिळूनहि ज्यांचें निभत नाहीं असे. पहिला वर्ग दोन्ही गांवांत अगदींच लहान निघाला. पिंपळें गांवांत तिसऱ्या वर्गांत सुमारें दोनतृतीयांश कुटुंबें होतीं, जातेगांवांत शेकडा पंच्याऐंशी. आतां जातेगांवची जमीन पिंपळ्यापेक्षां माणशीं कांहीं कमी नव्हती. पिंपळ्याला पुणें-खडकी जवळ होती, तेथें लष्करी कारखान्यांत मजुरी मिळे. जातेगांवाला ती सोय नव्हती. पिंपळें सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहराच्या पोटांत गेलें आहे आणि तेथें एक कुणबी घर केवढ्या किंमतीच्या जमिनीवर बसलें आहे हें पाहिलें असतें तर मॅनसाहेबांना चौथा वर्ग काढावा लागला असता. असो. त्यांच्यानंतर एक वर्षानें, म्हणजे १९१८ सालीं, डॉ. आंबेडकरांनीं हिंदुस्थानांतील लहान शेतांविषयीं एक निबंध लिहिला. तुकडे एकत्र करा, शेतें मोठीं करा, असा त्या काळीं सर्वत्र गजर चालला होता. आंबेडकरांचें म्हणणें असें कीं, शेत लहान कीं मोठें हें एकरांवर ठरत नसून त्यावर लावलेलें भांडवल व श्रम यांच्या प्रमाणावर ठरतें. जमिनीवर रिकाम्या हातांचा भार फार झाला आहे, आणि तो उद्योगधंद्यांनीं उचलल्याशिवाय केवळ बांध मोडून कांहीं होणार नाहीं. त्यांचें मूळ गांव आंबडवें ह्याच रत्नागिरी जिल्ह्यांतलें. ज्या जिल्ह्यानें आपले रिकामे हात गिरण्यांकडे धाडून संसार चालविला होता, त्या जिल्ह्याचा अनुभव त्या निबंधामागें नसेलच असें म्हणवत नाहीं. अर्थात् हा माझा तर्क.

स्वराज्यानंतर कुळकायदा आला. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, त्याची १९५६ ची दुरुस्ती, आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’, ज्या दिवशीं कसणारें कूळ कायद्यानें जमिनीचें खरेदीदार ठरलें. ह्या कायद्याचें मोल कमी लेखणें हा कृतघ्नपणा होईल. वर ज्या अर्धेलीचा हिशेब मांडला, तिच्यांतून हजारों घरें सुटलीं. कायम कुळास खंडाच्या सहापट, इतरांस आकाराच्या वीसपट ते दोनशेपट एवढ्या मर्यादेंत न्यायाधिकरणानें ठरविलेली किंमत हप्त्यांनीं भरावयाची; तीन महिन्यांचें धान्य सहा महिन्यांचें झालें.

परंतु कायदा कागद ओळखतो, माणूस ओळखत नाहीं. कसणाऱ्याचें नांव सातबाऱ्याच्या इतर हक्कांत लागलेलें असेल तर तो कूळ. तोंडी बोलीवर तीन पिढ्या शेत केलेला असेल आणि नांव नसेल तर तो कोण, हें सिद्ध करावयास साक्षीदार आणावे लागत, आणि साक्षीदारांना मालकाच्याच पाणंदींतून घरीं जावयाचें असे. १९५६ अखेरपर्यंत मालकाला स्वतः कसण्याच्या नांवावर जमीन परत मागण्याची मुभा होती. प्रा. वि. म. दांडेकर व त्यांचे सहकारी खुदानपूर यांनीं गोखले संस्थेतर्फे १९४८ च्या कायद्याच्या अंमलबजावणीची जी पाहणी केली, तींत कुळांनीं ‘स्वखुषीनें’ दिलेल्या राजीनाम्यांचें प्रमाण पाहून त्या खुषीविषयीं त्यांना शंका आली. ही शंका वाजवी होती.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, कारण ती बहुधा सांगितली जात नाहीं. ह्याच कायद्यानें आर्थिक धारणा म्हणून भातजमिनीचें प्रमाण ८ एकर धरिलें. कट्ट्याच्या आसपास ८ एकर मळा एका घराच्या नांवावर असणें ही बोटांवर मोजण्यासारखी गोष्ट. म्हणजे कायद्याच्या मापानें येथें मालक व कूळ दोघेहि तोट्यांतच जगत होते. हें ओळखूनच ज्याची जमीन आर्थिक धारणेच्या आंत व एकंदर वार्षिक उत्पन्न १,५०० रुपयांच्या आंत अशा मालकास ८८-क कलमाखालीं दाखला घेऊन सवलत मागतां येई. विधवा, अज्ञान व अपंग मालकांच्या बाबतींत खरेदी पुढें ढकलली जाई. मुंबईंत दहा बाय दहाच्या खोलींत राहणारी विधवा आणि तिचा कुणगा कसणारा मजूर, ह्यांच्यांत जमीनदार कोण व शोषित कोण हें ठरविण्याची पाळी ज्या मामलेदारावर आली असेल त्याची मला कींव येते. एक मात्र निश्चित. ज्या कुळाच्या घरीं मुंबईची मनिऑर्डर येत होती त्याला वकील करतां आला, तारखांना जातां आलें, किंमतीचे हप्ते भरतां आले. ज्याच्या घरीं येत नव्हती त्याची खरेदी कित्येकदां कागदावरच निष्फळ ठरली. समतेसाठीं केलेल्या कायद्यानें दिलेलें दान पूर्वींच्याच विषमतेच्या पन्हळींतून वाहिलें.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख गिरणीकामगारांनीं संप सुरू केला आणि तो विधिपूर्वक कधीं मिटलाच नाहीं. त्या संपाचा इतिहास मुंबईच्या अंगानें पुष्कळ लिहिला गेला. मालवण तालुक्यांतल्या चुलीच्या अंगानें फार थोडा. सणाला येणारा चाकरमानी त्या वर्षीं शिमग्याला आला आणि राहिला. महिन्याच्या महिन्याला होणारी मनिऑर्डर खंडली. येथें घराघरांतला एक नवा भेद उघड झाला, जो तोंपर्यंत झांकलेला होता. ज्याचा बाप गिरणींत होता त्याचें घर एका वर्षांत खालीं आलें; ज्याचा बाप शाळेंत, टपालांत, बंदरखात्यांत किंवा बेस्टमध्यें होता त्याचें घर उभें राहिलें, आणि बाप निवृत्त झाल्यावर पेन्शन घेऊन गांवीं परतला. पूर्वीं ज्याच्याकडे वायंगण त्याला मुलगी देत; आतां ज्याच्या म्हाताऱ्याला पेन्शन त्याचें घर भक्कम समजूं लागले. प्रारंभीं सांगितलेल्या दोन घरांपैकीं स्लॅबचें घर कोणतें असावें, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

ह्याच पायावर १९९० नंतरचें प्रकरण रचलें गेलें. त्या वर्षीं महाराष्ट्र सरकारनें रोजगार हमी योजनेशीं फळबाग लागवड जोडली. रोपें, खड्डे, मजुरी यांचा खर्च सरकारनें द्यावयाचा, आणि बाग शेतकऱ्याची व्हावयाची. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानें काजूच्या ‘वेंगुर्ला-४’ सारख्या जाती काढून ठेवल्याच होत्या. भाताची दासी म्हणून राहिलेली वरकस आणि कोणी न विचारलेला कातळ यांचें दैव फिरलें तें येथें. भरडीवर काजू उभे राहिले, जांभ्यांत सुरुंगानें खड्डे घेऊन आंब्याचीं कलमें लागलीं. डोंगर हिरवे झाले, आणि ज्या जिल्ह्याचा तरुण मुंबईशिवाय गति नाहीं असें समजत होता त्याला गांवांत राहण्याचें एक कारण मिळालें. ही योजना आपल्या राज्यांतील चांगल्या योजनांपैकीं एक होय, असें मी निःसंकोच म्हणेन.

तरी तिचा हिशेब तपासून पाहिला पाहिजे. अनुदान कोणाला ? ज्याच्या नांवावर सातबारा त्याला. कुळकायद्याच्या वेळीं भांडणें मळ्याचीं झालीं. वरकस व कातळ यांच्यावर नांव लावून घेण्याची निकड तेव्हां कुळाला वाटली नाहीं, कारण तेथें काय पिकतें? ती जमीन बहुतांशीं जुन्या मालकांच्या व भावकींच्या नांवीं राहिली. शिवाय कलम लावल्यापासून काजू धरूं लागेपर्यंत तीन-चार वर्षें, आंबा नीट धरूं लागेपर्यंत त्याहून अधिक थांबावें लागतें. ज्याच्या घरीं पेन्शन आहे तो थांबूं शकतो. ज्याच्या घरीं नाहीं तो दुसऱ्याच्या भरडीवर खड्डे खणून आठवड्याची मजुरी घेतो. एकाच योजनेंतून एका घराला बाग मिळाली, दुसऱ्याला हजेरीचे पैसे मिळाले. हजेरी चार महिन्यांत संपली. बाग अजून आहे. आज काजूबियांचा भाव आयव्हरी कोस्टहून व टांझानियाहून येणाऱ्या बियांवर हेलकावे खातो ही बागवाल्याची तक्रार खरी आहे. पण तक्रार करावयासहि आधीं बाग असावी लागते.

आतां हें सर्व सरकारी आंकड्यांत कसें दिसतें तें पाहूं. राष्ट्रीय नमुना पाहणीनें शेतकरी कुटुंबांच्या स्थितीची पाहणी २०१२-१३ सालीं व पुन्हां २०१८-१९ सालीं केली. दुसऱ्या पाहणीप्रमाणें देशांतील शेतकरी कुटुंबाचें सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये. त्यांत मजुरी व पगार ४,०६३, पिकांपासून ३,७९८, गुरांपासून १,५८२, इतर धंद्यांतून ६४१ आणि जमीन खंडानें देऊन १३४. साऱ्या देशाच्या सरासरींतहि शेतकऱ्याची मजुरी त्याच्या पिकाच्या पुढें गेली, हें पाहून दिल्लीपासून मुंबईपर्यंत लेख लिहिले गेले. कट्ट्याच्या माणसाला ह्यांत नवल वाटण्यासारखें कांहींच नाहीं. त्याच्या पणज्याची तीच स्थिति होती. नवल दुसऱ्या गोष्टीचें वाटावें. वर दिलेल्या पांच रकान्यांत मुंबईहून मुलानें पाठविलेल्या पैशाला रकाना नाहीं, आणि म्हाताऱ्याच्या पेन्शनलाहि नाहीं. शिवाय त्या पाहणींत शेतकरी कुटुंब कोणास म्हणावें, तर ज्याच्या घरीं वर्षांत ४,००० रुपयांहून अधिक किंमतीचा शेतमाल निघाला आणि निदान एक माणूस स्वतःच्या शेतींत राबला, त्यास. ही व्याख्या सर्व देशासाठीं करावयाची असल्यामुळें तिला दोष देण्यांत अर्थ नाहीं. पण ह्या मापानें आपलीं दोन घरें मोजलीं तर दोन्ही सारखीं निघतील, किंबहुना नळ्यांचें घर थोडें वरचढहि निघेल, कारण त्या घरचीं माणसें मजुरीला जातात आणि मजुरीला रकाना आहे. जमिनीच्या आकाराप्रमाणें पाहावें तर १० हेक्टरांवरील कुटुंबाचें मासिक उत्पन्न ६० हजारांच्या वर आणि एक एकराच्या आंतल्याचें साडेसात हजारांच्या आसपास, अशी मोठी दरी त्याच पाहणींत दिसते. ती दरी खरी आहे, पण ती देशावरची. आमच्याकडे बहुतेक सर्व घरें ह्या दुसऱ्या कोपऱ्यांतच गर्दी करून बसलेलीं. त्या कोपऱ्याच्या आंत जी विषमता आहे ती मोजण्याचें माप अजून कोणी काढलेलें मला ठाऊक नाहीं.

मदतीच्या पैशाचेंहि तेंच. २०१९ सालीं सुरू झालेल्या किसान सन्मान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये जमीनधारक कुटुंबाच्या खात्यांत जातात. २०२३ पासून राज्यानें तितकेच आणखी देऊं केले. वाचकांनीं ‘जमीनधारक’ ह्या शब्दाकडे पाहावें. कोंकणांत एकेका सातबाऱ्यावर सामाईकांत पंधरा-वीस नांवें चढलेलीं असतात. आजोबा वारले, त्यांचे चार मुलगे लागले, त्यांतले दोन वारले, त्यांचे वारस लागले. वांटणी तोंडी झाली, प्रत्येकजण आपापला कुणगा ओळखतो, पण कागदावर सगळें अजून एकत्र. नांवें मुंबईला, आणि कसणारी माणसें येथें. त्यांतहि कसणारी बहुधा बाई. नवरा गिरणींत होता तेव्हां तिच्या सासूनें शेत केलें आणि खंड घातला; कुळाच्या रकान्यांत नांव नवऱ्याचें लागलें. १९९४ सालीं महाराष्ट्रानें व २००५ सालीं केंद्रानें मुलींना वडिलोपार्जित मिळकतींत समान वाटा दिला तो न्याय्यच होता; त्यानें सातबाऱ्यावरचीं नांवें वाढलीं, आणि तीं घेणाऱ्या लेकीहि आतां सासरीं, पुष्कळशा मुंबईच्या उपनगरांत. सुनेचें नांव, जिच्या हातांत कोयता आहे तिचें, नवरा गेल्याशिवाय त्या यादींत येत नाहीं.

अशा बाईला विहीर पाहिजे असली, काजूचीं कलमें पाहिजे असलीं, कीं पीककर्ज पाहिजे असलें, म्हणजे सामाईक खातेदारांचीं संमतिपत्रें जोडावीं लागतात. एक दीर पनवेलला, एक विरारला. तिसऱ्याचे मुलगे बडोद्याला, त्यांचा पत्ता कोणापाशीं नाहीं. कट्ट्याच्या बाजारांत झेरॉक्सच्या दुकानीं ह्या अर्जांचे नमुने तयार मिळतात. गणपतीला सगळे भाऊबंद घरीं जमतात, तेव्हां सह्यांचें बोलणें निघतें. आरती होते, कोणाला कोणत्या गाडीचें तिकीट आहे ह्याची चौकशी होते, आणि पांच दिवसांचा गणपति व्हाळांत पोंचवून मंडळी परत गेली म्हणजे तो कागद खणांत ठेवून ती भाताला पाणी बघावयास मळ्यांत उतरते.